आपल्या शाळेपुढचा चौक

(दहावी, १९९६ या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यातला मजकूर जवळजवळ तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता ‘शाळेनं मला काय दिलं’. त्यावर माझ्याआधी चौघं बोलले आणि छान बोलले. बाईंच्या छडीपासून प्रयोगशाळेतल्या हाडांच्या सापळ्यापर्यंत काही उरलेलं नाही. म्हणून मी फाटकाच्या बाहेरचं बोलते.

आधी एक प्रश्न. आज सकाळी नोंदणी झाल्यावर अर्धा तास मोकळा होता. समोर, रस्त्यापलीकडे, तोच वडापाव आणि तोच चहा अजून आहे. आपण सगळे गेला महिनाभर ग्रुपवर त्या वडापावच्या नावानं उमाळे काढत होतो. आज पायी रस्ता ओलांडून तिथं किती जण गेले? मी फाटकाशी उभी होते. दोघं निघाले, पाच मिनिटं कडेला उभे राहिले आणि परत आले. एकानं गाडी काढली, पुढच्या सिग्नलवरून यू टर्न मारला आणि वडे घेऊन आला. चाळीस पावलांसाठी गाडी! आपण पंचेचाळिशीची धडधाकट माणसं. आता याच जागेवर पाचवीतली एखादी मुलगी पाठीवर दप्तर आणि हातात सायकल घेऊन उभी आहे, असं डोळ्यासमोर आणा. ती रोज उभी असते.

आपल्या वेळी कसं होतं? सायकल स्टँडवर जागा मिळायची नाही. ॲटलस, हर्क्युलस, ज्याच्याकडे बीएसए एसएलआर असेल त्याचा रुबाब वेगळा. पावणेसहाला काका रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचे आणि तसेच हातात लाल फडकं घेऊन रस्त्यात जाऊन उभे राहायचे. एसटीसुद्धा थांबायची. दोन्ही बाजूंना लिंब होते, रस्ता दोन गाड्या जेमतेम जातील एवढा. मग आपण शिकायला बाहेर पडलो आणि मागे रस्ता मोठा झाला. चार पदरी झाला, लिंब गेले, सिग्नल आला. एमआयडीसीच्या बस, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बायपासचे ट्रक, सगळे इथूनच. आणि शाळेच्या कोपऱ्यावर, आपल्या फाटकाला लागून, आला ‘फ्री लेफ्ट’. लाल असो की हिरवा, डावीकडे वळणाऱ्यानं थांबायचं नाही. शाळेचं फाटक जिथं उघडतं, बरोबर तिथं.

आता जे सांगणार आहे ते काकांना विचारून सांगते. काही जणांना माहीत आहे, पुष्कळांना नाही.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत मी आईकडे आले होते. संध्याकाळची वेळ, मी गाडी चालवत होते, शेजारी मिठाईचे खोके. या फ्री लेफ्टवर वळले. डावीकडे वळताना माणूस काय करतो? उजवीकडे बघतो. कारण उजवीकडून गाड्या येत असतात आणि त्यांच्यात घुसायला फट हवी असते. मीही मान वळवून उजवीकडे बघत होते आणि गाडी पुढे जात होती. समोर काका सायकल हातात धरून ते वळण ओलांडत होते. माझी गाडी त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाला लागली आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांना घेऊन मी दवाखान्यात गेले. पोलिसांत नोंद झाली, जबाब झाला, पुढचं सगळं रीतसर झालं. ऑपरेशन झालं. आज काका काठी घेऊन चालतात आणि सायकल चालवत नाहीत. ज्या माणसानं मला पाच वर्षं हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, त्या माणसाची सायकल माझ्यामुळे सुटली. हे वाक्य मी तुमच्यासमोर पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणते आहे.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून रडत होते. काका म्हणाले, “पोरी, ती जागाच वाईट आहे. त्या वळणावरनं मी किती जणांना उचललंय, मोजलं नाही.” त्यांना मला धीर द्यायचा होता. पण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. ‘मोजलं नाही’ हे दोन शब्द राहिले.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे रात्री दोन वाजता एखादी यंत्रणा कोसळते. सकाळी बैठक बसते. नवखा मॅनेजर विचारतो, ‘बटण कोणी दाबलं?’ जाणता माणूस विचारतो, ‘एक बटण चुकीचं दाबल्यावर सगळं कोसळतंच कसं?’ कारण बटण आज एकानं दाबलं, उद्या दुसरा दाबेल. माणूस दमतो, घाईत असतो, त्याचं लक्ष उडतं. हे बदलणार नाही. बदलता येतं ते एवढंच, की त्याच्या चुकीची किंमत किती मोठी असावी.

मी हे स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाही. चूक माझी होती. मला थांबायला हवं होतं, डावीकडे बघायला हवं होतं. पण मी स्वतःला जन्मभर दोष देत बसले, तरी त्या वळणावर उद्या संध्याकाळी येणारा माणूस उजवीकडेच बघणार आहे. त्याला तसं बघायला त्या वळणानंच भाग पाडलंय.

त्या दवाखान्यात बसून मी आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांचं गणित सोडवलं. सर इथं आहेत, चुकलं तर थांबवा. गाडी ताशी ३० किलोमीटरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. समोर कोणी आलं, हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरू. तेवढ्यात ८.३ मीटर गेले. पुढे रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील, तर थांबायला आणखी पाच मीटर. एकूण साधारण १३. आता तीच गाडी ताशी ५० नं. पहिल्या सेकंदात १४ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४. एकूण २८. कारण ब्रेक लागल्यावर थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. सरांनी हे फळ्यावर खडू मोडेपर्यंत सांगितलं होतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तीस वेगाची गाडी जिथं पूर्ण थांबली, त्या जागी पन्नास वेगाच्या ड्रायव्हरचा पाय अजून ब्रेकवर पडलेलासुद्धा नसतो. तो पन्नासनंच आदळतो. माझा वेग त्या दिवशी पंचवीसच्या आसपास असेल. काका आज समोर बसलेत ते त्या फरकामुळे. वीस किलोमीटर वेग आणखी असता तर आज मी इथं बोलायला उभी राहिले नसते.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, हे केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. दिवसाला जवळजवळ नव्वद. आपल्या दहावीच्या दोन्ही तुकड्या मिळून आपण जेवढे होतो, तेवढे.

मग आम्ही मोजायला सुरुवात केली. ‘आम्ही’ म्हणजे सुरुवातीला मी, आपल्या तुकडीतले तिघं आणि नववीतली काही मुलं. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून अख्खा चौक दिसतो, आठवतंय ना? तिथं उभं राहून किती दिवस आपण पावसाचा अंदाज घेतला. मुलांनी वहीत उभ्या चार रेघा आणि आडवी पाचवी अशी मोजणी केली. पायी किती, सायकली किती, रिक्षा, दुचाकी, ट्रॉल्या. किती जणांना मधेच पळावं लागलं. वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला वीस मीटरवर दोन खुणा करायच्या आणि फोनवर चित्रीकरण करायचं. गाडी दोन सेकंदांत गेली तर ताशी ३६, दीड सेकंदात गेली तर ताशी ४८. मोजणीचे तक्ते आज ग्रंथालयाबाहेर लावलेत, जरूर बघा. नववीतल्या मुलांचं अक्षर आपल्यापेक्षा चांगलं आहे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फक्कीनं. हो, आपली खो-खोच्या मैदानावर मारायची फक्की. एका रविवारी पहाटे, वाहतूक पोलिसांना सांगून, आम्ही चौकाच्या चारही कोपऱ्यांत फक्की पसरली. दुपारी वर जाऊन खाली बघितलं. जिथून चाकं गेली तिथली फक्की पुसली गेली होती. आणि कोपऱ्याकोपऱ्यात, दुभाजकाच्या टोकाशी, पांढरे मोठे तुकडे तसेच शिल्लक होते. त्या जागेवरून दिवसभरात एकही चाक गेलं नव्हतं. म्हणजे ती जागा गाड्यांना लागतच नाही. ती डांबराची आहे म्हणून रस्ता म्हणायचं, एवढंच. ‘रस्ता अरुंद आहे, फुटपाथला जागा कुठून आणायची?’ असं आपण सगळे म्हणतो. जागा तिथंच पडलेली होती, पांढरी.

ती जागा काढून पायी माणसाला दिली की काय होतं? कोपऱ्याची गोलाई कमी होते. गोलाई मोठी असेल तर गाडी वेग न मोडता वळते. कोपरा काटकोनाकडे सरकला की ब्रेक मारावाच लागतो. पाटी लावायला नको, पोलीस उभा करायला नको. शिवाय ओलांडायचं अंतर घटतं. आपला रस्ता पावलांनी मोजला तर साधारण चोवीस मीटर आहे. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो असं धरतात, म्हणजे त्याला वीस सेकंद लागतात. काठी घेतलेल्या काकांना तीस. आणि पायी माणसाचा हिरवा दिवा लागतो पंधरा सेकंद. हे गणित कधीच सुटणार नाही. पण मध्ये दुभाजकात उभं राहण्यापुरती जागा केली, की एकदम चोवीस मीटर जायला नको. बारा आणि बारा. एका वेळी एकाच बाजूला बघायचं.

मी तीन वर्षं कामासाठी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला होते. तिथं माझी मुलगी सहाव्या वर्षी सायकलवर शाळेत जायला लागली. लोक म्हणतात, ‘ते त्यांचं रक्तातच आहे.’ तसं अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं ‘मुलांच्या हत्या थांबवा’. नंतर वर्षानुवर्षं एकेक रस्ता, एकेक चौक बदलत गेला. आज जे दिसतं ते त्याचं फळ आहे.

त्यांच्या चौकाचं साधं तत्त्व सांगते. कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं. सायकलवाला त्या बेटाच्या आड, गाड्यांच्या पुढे येऊन थांबतो, म्हणजे ड्रायव्हरला तो समोर दिसतो. आणि ओलांडायची पट्टी कोपऱ्याला चिकटून नसते, साधारण एका गाडीच्या लांबीइतकी आत सरकवलेली असते. त्यामुळे वळणारी गाडी आधी पूर्ण वळते, मग सरळ होते आणि सायकलवाला तिच्या काचेसमोर येतो. खांद्यामागे, आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात नाही. माझी गाडी काकांना लागली तेव्हा असं बेट असतं, तर माझी मान उजवीकडे वळायच्या आधी ते माझ्यासमोर आले असते.

हे इथं चालेल का? आम्ही आराखडा काढला तेव्हा पहिला प्रश्न आला उसाच्या ट्रॉलीचा. पालिकेचे कनिष्ठ अभियंता म्हणाले, “मॅडम, तुमचा कोपरा छान आहे, पण ट्रॉली वळली नाही तर पहिला फोन मला येईल.” त्यांचं बरोबर होतं. दोन ट्रॉल्यांचं मागचं चाक आतल्या बाजूला किती सरकतं ते फक्कीवर स्पष्ट दिसलं होतं. त्याला उत्तर आहे. कोपऱ्याची बाहेरची पट्टी थोडीच उंच आणि खडबडीत दगडांची करायची. ट्रॉलीचं चाक त्यावरून जाऊ शकतं. मोटारवाला धक्के बसतात म्हणून आपसूक बाहेरून, हळू वळतो. आणि माणसांनी उभं राहायची जागा त्या पट्टीच्या मागे.

दुसरा प्रश्न आला आपल्याच मित्राकडून. कोपऱ्यावर त्याचं औषधाचं दुकान आहे, तो मागे बसून हसतो आहे. तो म्हणाला, “माझ्या दुकानापुढं कोपरा बांधलास तर गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार?” मी वाद घातला नाही. त्याला वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर तूच मोज, किती जण चालत येतात आणि किती गाडीतून. आठवड्यानं त्यानं वही परत दिली आणि काही न बोलता प्रयोगासाठी दुकानातल्या दोन खुर्च्या आणि छत्री दिली.

लोक म्हणतात, पादचारी पूल बांधा. गुडघे दुखणाऱ्या आजीला तीस-चाळीस पायऱ्या चढायला आणि तितक्याच उतरायला सांगायच्या, सायकलवाल्यानं सायकल खांद्यावर घ्यायची, आणि कशासाठी? गाड्यांना थांबायला लागू नये म्हणून. लोक पूल चढत नाहीत आणि मग आपण लोकांना बेशिस्त म्हणतो. लोक म्हणतात, गतिरोधक टाका. टाका, पण कसा? आपल्याकडे रातोरात डांबराचा उंचवटा उभा राहतो आणि अंधारात त्यावर सायकलवालाच पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत गतिरोधकाचं माप दिलंय: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, वर गोलसर, पुढे पाटी आणि पट्टे. त्याहून चांगलं म्हणजे झेब्रा पट्टेच फुटपाथच्या उंचीला आणायचे. माणूस खाली उतरत नाही, गाडी वर चढते. जो चढतो तो हळू होतो.

आणि आपल्याकडे कोणी केलंच नाही असंही नाही. पुण्याला गेलात तर जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या फुटपाथवरून चालून बघा. औंधला डीपी रोडवर जा. म्हातारी माणसं बाकांवर बसलेली दिसतात. रस्त्याच्या कडेला बसावंसं वाटणं, हीच परीक्षा.

प्रयोगाचं थोडक्यात सांगते. पोलिसांच्या परवानगीनं आठ दिवस आम्ही फ्री लेफ्ट बंद ठेवला. वाळूच्या गोण्या, रंगवलेले ड्रम, फक्की आणि मुलांनी रंगवलेले पट्टे, एवढंच साहित्य. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी रात्रीत चार ड्रम उचलून नेले. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाले स्वतः हात दाखवून पोरांना जाऊ द्यायला लागले, कारण आता ते त्यांना दिसत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीत उभी होते. एक आजोबा काठी टेकत मधल्या जागेपर्यंत आले, थांबले, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यावर ठेवला आणि मग निवांत पलीकडे गेले. चौकाच्या मधोमध चष्मा पुसणारा माणूस मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

आठ दिवसांनी गोण्या उचलल्या. चौक पुन्हा होता तसा झाला. आराखडा दिलाय, तो ‘तत्त्वतः मंजूर’ आहे. या शब्दाचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. मी पाठपुरावा करते आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात एक कलम आलं, १९८ अ. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न बांधल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जायबंदी झालं, तर तो रस्ता करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. मी प्रत्येक अर्जात ते कलम नम्रपणे लिहिते.

आता मुद्द्याचं. आज दुपारच्या सत्रात आपल्या तुकडीच्या निधीचा निर्णय व्हायचा आहे. स्वागत कमानीचा प्रस्ताव आहे. चित्र सुंदर आहे, त्यात आपलं वर्ष कोरलेलं आहे. ज्यांनी पैसे गोळा केले त्यांचे कष्ट मला माहीत आहेत आणि हे आधी न सांगता व्यासपीठावरून सांगते आहे, याबद्दल त्यांची माफी मागते. पण ती कमान जिथं उभी राहणार, ते फाटक त्या वळणावरच उघडतं. कमान झाली की ते फाटक कायमचं तिथंच. पुढची पन्नास वर्षं बाराशे मुलं त्या वळणावर सांडत राहणार.

रस्ता आपला नाही, तो पालिकेचा. त्यासाठी अर्ज करता येतात, गोण्या ठेवता येतात. पण भिंत शाळेची आहे. पाण्याच्या टाकीमागची भिंत पोस्टाच्या गल्लीकडे आहे. तिथं फाटक काढता येतं. आत थोडी मोकळी जागा सोडली, तर मुलं आणि सायकली तिथं जमतील, रिक्षा गल्लीत थांबतील, आणि मुलं चौकात येतील ती सिग्नलच्या पट्ट्यांपाशी, वळणावर नाही. मुख्याध्यापक बाईंशी बोलले आहे. संस्थेची तयारी आहे, पैसे नाहीत.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. त्या फाटकाशी आपलं काय काय आहे! उशीर झाला म्हणून आपण तिथं उभे राहिलो. निकालाच्या दिवशी तिथंच पेढे वाटले. कोणी कोणाची वाट तिथं बघितली, ते मी सांगत नाही, दोघंही इथंच बसलेत. ते फाटक बंद करा असं मी म्हणते आहे. पाडा म्हणत नाही. राहू दे तसंच, कुलूप लावून. त्यावर वेल चढवू. पण मुलांना त्यातून सोडू नका.

आणखी दोन गोष्टी मागते, त्यांना पैसे लागत नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ त्या खिडकीत यावं आणि मोजावं. मोजलेलं कागदावर असलं की ‘तत्त्वतः’ शब्द लवकर जुना होतो. आणि दुसरं, आज घरी जाताना या वळणावर पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. आधी डावीकडे बघा. मग निघा. मी दोन वर्षं रोज तसं करते, या चौकातही आणि दुसऱ्या कुठल्याही. उशीर होतो तो पाच-सहा सेकंदांचा.

काकांना मी विचारलं होतं, तुमच्याविषयी बोललं तर चालेल का? ते म्हणाले, “बोल. पण पोरांना सांग, फाटक हलवलंत तरी घंटा हलवू नका.” काका, घंटा तिथंच राहील. तीन वाजता मतदान आहे. तुम्ही टोल द्या, आम्ही हात वर करू.